प्रश्न विचारल्यावर जरा थांबा

नव्याने लागलेल्या शिक्षकांसाठी लिहितेय. वीस वर्षं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत शिकवल्यावर मला ठाम वाटतं, वर्ग बिघडतो तो मुलांच्या बोलण्याने कमी, आपल्या बोलण्याने जास्त.

आपण प्रश्न टाकतो आणि लगेच कुणाला तरी उठवतो. उत्तर आलं नाही की 'बस, तू सांग' म्हणून दुसऱ्याकडे, नाहीतर स्वतःच सांगून मोकळे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग तपासून हे मोजलं होतं. शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत. ३ सेकंद थांबले की उत्तरं मोठी होत आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागत.

आपल्याकडे तर हे फारच गरजेचं. पोर घरी कोंकणी बोलतं, कुणी कन्नड. मराठीतला प्रश्न मनात आपल्या भाषेत लावायचा, उत्तर परत मराठीत आणायचं, एवढं सगळं १ सेकंदात कसं होणार?

गेल्या पावसाळ्यात तिसरीत विचारलं, "पावसाचं पाणी जातं कुठे?" आणि मनात पाच आकडे मोजले. कौलांवर पाऊस धडधडत होता. शाळा सुरू झाल्यापासून तोंड न उघडलेली एक मुलगी फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळत उठली. "पाटांतल्यान कुळागरांत वता बाई. मागीर व्हाळांत. मागीर म्हादयंत."

'मराठीत सांग' असं मी म्हटलं नाही. तिचेच शब्द फळ्यावर लिहिले, शेजारी बागायत, ओहोळ, म्हादई नदी असे मराठी शब्द. मग प्रत्येकाला आपापल्या दारातलं पाणी आठवलं. त्या तासाला मला आवाज चढवावाच लागला नाही.

बाकीचं थोडक्यात. नाव प्रश्नानंतर घ्या, आधी घेतलं की उरलेला वर्ग सुटतो. चुळबुळ करणाऱ्याजवळ जाऊन उभं राहा, शिकवणं थांबवू नका. पावसात ओरडू नका, बाक पुढे ओढा. छडी तर नाहीच, आणि टोमणेही नाहीत: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मानसिक छळालाही मनाई आहे.

आणि पालकांना तक्रारीपुरतं बोलावू नका. त्या दिवशी शाळा सुटल्यावर फाटकाशी मी त्या मुलीच्या आईला हाक मारली, तर ती छत्री तशीच धरून थबकली. लेकीचं उत्तर सांगितलं, तेव्हा म्हणाली, "बाई, म्हाका दिसलें हिणें कितें तरी केलें." म्हणजे, मला वाटलं हिने काहीतरी केलं.