तिकीट कुणी दिलं, ते आधी विचारा

सकाळीच सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा येऊन पडला. 'जो मतदान करत नाही, त्याला तक्रार करायचा अधिकार नाही.' खाली हात जोडलेले इमोजी, मग अंगठे, मग 'अगदी बरोबर बोललात काका'. मी दर वेळी मतदान करते, रांगेत उभी राहून करते. म्हणजे काकांच्या नियमाने मला तक्रार करायचा अधिकार आहे. तो आज पुरेपूर वापरणार आहे. घाईत असाल तर पुढे सरका.

किती झापाल हो मतदाराला? सुट्टी बघून फिरायला गेला, उदासीन आहे, लायकीप्रमाणे नेते मिळतात. पण बटणासमोर जी नावं येतात ती कुणी ठरवली, हे कुणी विचारतं का? स्थळ पक्षांनी पाहिलं, याद्या त्यांनी केल्या, आपल्याला फक्त अक्षता टाकायला बोलावलंय. वर अक्षता नीट पडल्या नाहीत म्हणून बोलणीही आपणच खायची.

माझी आत्या एका पक्षाची कार्यकर्ती. पक्षाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की अर्धे लोक 'बघा, त्यांचं असंच असतं' म्हणून खूश होतील, उरलेले मला अनफ्रेंड करतील. मतदारयादी हातात घेऊन गल्लोगल्ली फिरणं, गेलेल्या माणसांची नावं कमी करायला लावणं, नव्या सुनांचे अर्ज भरून घेणं, स्लिपा वाटणं, सभा संपली की सतरंज्या उचलणं, सगळं तिने केलं. कुठल्या घरात किती मतं, त्यातलं कोण नोकरीला बाहेरगावी, कोण ऊन चढल्यावर येणार नाही, हे तिला तोंडपाठ.

मागे नगरपालिकेची आरक्षण सोडत निघाली आणि तिचा प्रभाग महिला राखीव झाला. वरून निरोप आला, 'ताई, तयारीला लागा.' ताई लागल्या. थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, शपथपत्र, अनामतीची पावती, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ओळीने लावलेलं. शेवटच्या दिवशी तो फोल्डर मांडीवर घेऊन ती निवडणूक कार्यालयात बसली. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचा कागद, निघालाय, रस्त्यात आहे, पोचतोच आहे. तीनला मुदत संपणार. अडीचच्या सुमारास फॉर्म आला, पण दुसऱ्याच बाईंच्या नावाचा. त्यांना आत्याने पक्षाच्या एकाही बैठकीत पाहिलेलं नव्हतं. त्यांचे यजमान समोरच्या पक्षाचे मावळते नगरसेवक. वॉर्ड बायकांना गेला म्हणून आदल्या रात्री इकडे प्रवेश, आणि प्रवेशाबरोबर सौभाग्यवतींना उमेदवारी.

कारण काय, तर इलेक्टिव्ह मेरिट, म्हणे निवडून यायची क्षमता! हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

एबी फॉर्म म्हणजे खरं तर दोन कागद, विधानसभा-लोकसभेलाही हेच. पक्षातर्फे सही करायचा अधिकार कुणाला, ते 'ए'मध्ये. उमेदवार कोण, ते 'बी'मध्ये. सही शाईचीच लागते, रबरी शिक्का चालत नाही, इतका काटेकोर नियम. पण सही करणाऱ्याने ते नाव कुणाला विचारून घातलं, याबद्दल एक ओळ नाही. पक्ष नोंदवताना लोकशाहीवर निष्ठा असल्याचं निवडणूक आयोगाला लिहून द्यावं लागतं. ती निष्ठा पक्षाच्या दाराबाहेर ठेवायची असावी. जर्मनीने १९४९ साली राज्यघटनेतच लिहून ठेवलं की पक्षाचा आतला कारभार लोकशाही तत्त्वांनीच चालला पाहिजे. आपल्याकडे विधी आयोगाने १९९९च्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा करा म्हणून सांगितलं. करणार कोण? ज्यांच्या खिशात एबी फॉर्म, तेच.

बरं, निवडून आल्यावर तरी आमदार आपला असतो? १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. एकट्याने पक्ष सोडला तरी तेच. दोन तृतीयांश आमदारांनी मिळून विलीनीकरण केलं की मात्र चालतं. २००३च्या दुरुस्तीआधी तर एक तृतीयांश फुटले तरी भागायचं. सुटा गेला तर गद्दार, घाऊक गेले तर कायदेशीर. उभं कुणी राहायचं ते पक्ष ठरवणार, सभागृहात हात कधी वर करायचा तेही पक्षच ठरवणार, आणि मधल्या एका बटणापुरते आपण राजे.

पक्ष नकोतच, असं मी म्हणत नाही. सगळे अपक्ष निवडून आले तर पहिल्याच आठवड्यात बाजार भरेल, तेही कळतं. कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवला तर तिथेही पाकिटं फिरतील. मान्य. पण निदान चारशे लोकांना वाटावी लागतील ना, आज एकाला देऊन भागतं.

'मग आत्याने अपक्ष लढायचं.' हे सांगणारे नेहमी तेच असतात जे अपक्षाला मत देत नाहीत, फुकट जातं म्हणून. शिवाय विधानसभेला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. आणि नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'चं बटण म्हणाल, तर विधानसभा-लोकसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकावरचाच विजयी. २०१३ पासून आपण ते बटण दाबून मनाचं समाधान करून घेतोय.

आत्याने अर्ज मागे घेतला. दोन दिवस घरी माणसांची रीघ होती. स्वीकृत नगरसेवक म्हणून घेऊ, समितीवर घेऊ, ताई तुम्ही तर घरच्या. घेतलं कुठेच नाही, ते तुम्हाला सांगायला नको. आणि ती त्याच बाईंच्या प्रचाराला बाहेर पडली! पत्रकावर बाईंच्या फोटोपेक्षा यजमानांचा फोटो मोठा, आणि माझी आत्या ते पत्रक घरोघर देत होती. मी फोनवर नको तेवढी भांडले. ती एवढंच म्हणाली, 'अगं, चिन्ह तर आपलंच आहे ना.'

यावर काय बोलणार? अशा माणसांच्या जिवावर सगळे पक्ष उभे आहेत, झाडून सगळे. तिच्यासारखी माणसं मी तुमच्या पक्षातही पाहिलीत, आणि त्यांचा राग मला करता येत नाही.

मागणी साधी आहे. प्रभागातल्या नोंदणीकृत सदस्यांनी गुप्त मतदानाने उमेदवार ठरवायचा आणि ते मतदान निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली. तोवर कुणी हात जोडत दाराशी आलं की मी जाहीरनामा मागणार नाही. तुमचं नाव कुणी सुचवलं, दुसरं कोण इच्छुक होतं आणि त्यांना का डावललं, एवढंच विचारणार. तुम्हीही विचारा. मज्जा येते, बरोबरचे कार्यकर्ते खाली बघून हसतात.

आणि हो, कमेंटमध्ये पक्ष ओळखायचा खेळ सुरू करू नका. डिलीट करेन.