मामा, त्या व्हॉल्व्हला हात लावू नकोस

रविवारी सकाळी साडेआठला मामाचा फोन. "ऐक ना, प्लंबर आलाय. ३०४चं पाणी तोडतोय आज. नवीन कायदा आलाय तसा, तुला मेसेज पाठवलाय बघ." मामा गेली अकरा वर्षं त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. बिनपगारी, बिनसुट्टीचा, आणि आता एका फॉरवर्डच्या जोरावर बिनधास्त.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. वर हात जोडलेले, मग 'सर्व गृहनिर्माण सोसायट्यांसाठी अत्यंत महत्त्वाचे', मग 'नवीन सहकार कायद्यानुसार' सहा मुद्दे आणि तळाला 'जनहितार्थ जारी'. कोणी जारी केलं, कधी केलं, पत्ता नाही. मुद्दे थोडक्यात असे: तीन महिने मेंटेनन्स थकला की कमिटीला पाणी आणि लिफ्ट बंद करता येते. फ्लॅट भाड्याने दिला तर दुप्पट मेंटेनन्स. कमिटीच्या एनओसीशिवाय फ्लॅट विकता किंवा भाड्याने देता येत नाही, आणि नको असलेल्यांना सोसायटी सरळ 'नाही' म्हणू शकते. नॉमिनी हाच मालक. तळमजल्याला लिफ्टचा खर्च नाही. बिल्डरने पावती देऊन विकलेलं पार्किंग पावतीवाल्याचंच.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून त्यावरच जास्त बोलणार आहे.

मामाचा राग मला कळतो. चोवीस फ्लॅटची सोसायटी, महिन्याला २,८५० रुपये, ३०४ने चौदा महिने दमडी दिलेली नाही. म्हणजे जवळजवळ ४० हजार. वॉचमनचा पगार, पंपाची वीज, लिफ्टचं वार्षिक कंत्राट, सगळं बाकीचे तेवीस जण भरतात आणि ३०४वाले नवी गाडी घेऊन येतात. कोणाचंही टाळकं सटकेल. पण मोफा नावाचा कायदा आहे, १९६३चा, महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा. मामाची इमारत १९८६ची, त्याच कायद्याखाली उभी राहिलेली. त्यातलं कलम १२अ वाचा. इमारतीच्या व्यवस्थापनाशी संबंधित कोणीही, मग तो कमिटी मेंबर असो की सेक्रेटरी, योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय फ्लॅटधारकाचा अत्यावश्यक पुरवठा तोडू, अडवू किंवा कमी करू शकत नाही. 'सेक्रेटरी' हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे, मी घुसवलेला नाही. अत्यावश्यक म्हणजे काय तेही तिथेच दिलंय: पाणी, वीज, जिन्यातले आणि पॅसेजमधले दिवे, लिफ्ट, साफसफाई. मोडलं तर हा फौजदारी गुन्हा आहे, शिक्षेत तुरुंगवास आहे. आणि तुरुंगात सोसायटी जात नाही, माणूस जातो. ठरावावर हात वर केलेले बाकीचे तेव्हा 'मी त्या मीटिंगला नव्हतोच' म्हणतात.

'पुरेसं कारण' या शब्दांवर बोट ठेवणारे भेटतीलच. थकबाकी हे पुरेसं कारण नाही का? माझं म्हणणं, नाही. कारण थकबाकी वसूल करायची स्वतंत्र वाट सहकार कायद्याने आखून दिलेली आहे. पैशांचा दावा पैशांच्या वाटेने न्यायचा, पाण्याच्या नळीने नाही. आणि तरी कोणाला आपलं कारण 'पुरेसं' वाटत असेल, तर ते त्याने मॅजिस्ट्रेटला पटवून द्यावं. मामाने हा प्रयोग करावा असं मला वाटत नाही.

मग हे तीन महिने आले कुठून? इथे मेसेजवाल्याला अर्धा गुण देते. गृहनिर्माण संस्थेचा सदस्य मागणीची लेखी नोटीस मिळाल्यावर तीन महिन्यांत पैसे भरत नसेल तर तो थकबाकीदार ठरतो, हे खरं. त्याचा परिणाम असा की त्याला कमिटीवर राहता येत नाही. खुर्ची जाते. पाणी नाही. कोणीतरी खुर्चीच्या जागी नळ बसवला आणि मेसेज पुढे ढकलला.

प्लंबरने जे सांगितलं ते तर मेसेजवाल्याच्या स्वप्नातही नसेल. गच्चीवरच्या टाकीतून खाली जाणाऱ्या लाइनी फ्लॅटवार नसतात, उभ्या असतात. ०४च्या रांगेतल्या सगळ्या स्वयंपाकघरांना एकच पाइप. गच्चीवर व्हॉल्व्ह फिरवला की ३०४बरोबर १०४, २०४ आणि ४०४ची भांडीही कोरडी. २०४मध्ये ऐंशीच्या पुढच्या आजी एकट्या राहतात आणि १ तारखेला पहिला चेक त्यांचा येतो. फक्त ३०४ला तोडायचं तर डक्टमध्ये उतरून त्यांची जोडणी कापायला लागेल. प्लंबर म्हणाला, "काका, लेखी द्या, मग कापतो." त्या माणसाला मोफाचं कलम ठाऊक नसेल, पण गोष्ट बरोबर कळली होती.

खरी वाट काय? थकबाकीची बिलं, नोटिसा, खातेउतारा आणि ठराव घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. पूर्वी हे कलम १०१ होतं, आता गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब-२९. दाखला मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे जप्तीपर्यंत. दाखल्याविरुद्ध रिव्हिजनमध्ये, म्हणजे वर फेरतपासणी मागायला, जायचं तर थकबाकीदाराला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. वर उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नोंदवलेल्या नियमांप्रमाणे, कमाल २१ टक्के सरळव्याज लावता येतं. एवढं दातांचं हत्यार हातात असताना लोक पाना घेऊन गच्चीवर का चढतात? कारण पान्याला खातेउतारा लागत नाही.

'नवीन कायदा' हेही अगदीच हवेत नाही, बरं का. २०१९मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण, १३-ब, खरोखर आलं. पण मेसेजमधलं जे आहे ते त्यात नाही.

आता दुप्पट मेंटेनन्स. राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१ला आदेश काढून ठेवलाय की नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावायचे जादा पैसे, कागदावरचं बिनभोगवटा शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येणार नाहीत. पालिकेचे कर वगळून. घर आईवडिलांना किंवा मुलांना राहायला दिलं असेल तर तेही नाहीत. मुंबईतल्या माँ ब्लाँ सोसायटीने या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि २००७मध्ये ती हरली. मामाकडच्या २,८५०मध्ये सेवाशुल्क १,२०० धरलं तर महिन्याला १२० रुपये होतात. मामाची सोसायटी घेते ५००, 'जनरल बॉडीच्या ठरावाने'. सरकारी आदेशाच्या वर जनरल बॉडी नसते. तो विषय पुढच्या रविवारी काढणार आहे, एका दिवसात एकच भांडण.

एनओसीचं तर लोकांनी देवस्थानच करून ठेवलंय. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, स्वच्छ लिहिलंय की फ्लॅटच्या हस्तांतरणाला सोसायटीचं ना-हरकत लागत नाही. बँकेला कर्जासाठी हवं असतं म्हणून माणूस ते मागतो, ही गोष्ट वेगळी. भाड्याने देतानाही परवानगी नाही, आधी लेखी कळवायचं, लीव्ह अँड लायसन्सची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. कळवणं आणि पाया पडणं यात फरक असतो. हस्तांतरणाचं प्रीमियमही २५ हजारांच्या वर घेता येत नाही, त्याला 'बिल्डिंग डोनेशन' म्हटलं तरी.

आणि 'नको असलेल्यांना नाही म्हणा'? इथे कोणीतरी हमखास २००५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तोंडावर मारतो, अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सोसायटीचा. निकाल खरा आहे, मला आवडत नाही तरी खरा आहे. पारशांपुरतं सदस्यत्व ठेवणारा उपविधी न्यायालयाने टिकवला. पण नीट बघा काय टिकलं: विशिष्ट समाजासाठी स्थापन झालेल्या, तसा उपविधी नोंदवलेल्या सोसायटीचा नियम. चहा-बिस्किटांवर 'बॅचलर नकोत, अमके नकोत' असं ठरवणाऱ्या पाच जणांना त्या निकालात आसरा नाही. सदस्यत्व नाकारायला सबळ कारण लागतं आणि नकाराविरुद्ध दाद मागता येते.

नॉमिनीवर मात्र थोडं थांबते, कारण आमच्या ओळखीत दोन भाऊ याच वाक्यापायी बोलेनासे झालेत. नॉमिनी मालक नसतो. सभासद वारला की सोसायटीने शेअर नॉमिनीच्या नावे करावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात सांगितलं, पण वारसांचा मालकीहक्काचा दावा त्याच निकालात खुला ठेवला. महाराष्ट्रात तर २०१९च्या त्या नव्या प्रकरणाने शब्दच दिलाय: नॉमिनी हा तात्पुरता सभासद, कायदेशीर वारस दाखल होईपर्यंतचा. म्हणजे ज्या 'नवीन कायद्या'च्या नावाने मेसेज फिरतोय, तो याच्या बरोबर उलट बोलतो.

उरलेले दोन पटकन. उपविधींप्रमाणे लिफ्टचा देखभाल खर्च इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, वापरा की वापरू नका. तळमजल्यावाल्यांनो, मी स्वतः तळमजल्यावर राहते, मलाही वाईट वाटतं. पार्किंगचं ऑगस्ट २०१०मध्येच मिटलंय: नहालचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोफाखालच्या इमारतीत स्टिल्टचं (इमारतीखालच्या खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला सुटं विकता येत नाही, ती सामायिक जागा. पावती फ्रेम करून लावा हवं तर.

मामाला हे सगळं फोनवर सांगायला पाऊण तास गेला. मध्ये दोनदा "पण त्यात लिहिलंय ना" झालं. शेवटी त्याने प्लंबरकडून टाकीचा गळका बॉलकॉक तेवढा बदलून घेतला, आलाच आहे तर म्हणून, आणि ३०४ला नोटीस काढायला बसला. दुपारी परत फोन. खातेउतारा करायला घेतला तर मागच्या वर्षीचं एप्रिल ते जूनचं पावतीपुस्तक सापडत नाहीये. खजिनदार म्हणतात सेक्रेटरीकडे आहे. सेक्रेटरी माळा उपसतोय.