मुखत्यार मी होते, व्यवस्थापक काका

मावशी गेली त्यानंतर चौथ्या दिवशी मी तिच्या बँकेत गेले. तिच्याजवळ रात्रंदिवस राहणाऱ्या ताईंचा पगार थकला होता, तो काढून द्यायचा एवढंच डोक्यात होतं. चार वर्षं तिचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, माझ्याकडे होता. चेकवर सही माझी, काउंटरवरचे सगळे ओळखीचे. साहेबांनी सहज विचारलं, "आता कशा आहेत मावशी?" मी सांगितलं. त्यांनी स्लिप माझ्याकडे परत सरकवली. "मग आता तुमची सही चालणार नाही."

मी चिडले. आवाजही चढला माझा. आज कबूल करते, ते बरोबर होते.

मुखत्यार स्वतःच्या हक्काने काहीच करत नसतो, सगळं देणाऱ्याच्या वतीने करतो. देणाराच उरला नाही तर वतीने करायचं कुणाच्या? भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या कलम २०१ मध्ये हे सरळ लिहिलंय: देणारा किंवा घेणारा, दोघांपैकी कुणीही वारला की अधिकार संपला. (मुखत्याराचाच त्या मालमत्तेत हितसंबंध असेल तर गोष्ट वेगळी, पण आईवडिलांची, काकामावश्यांची कामं सांभाळणाऱ्यांच्या बाबतीत तसं सहसा नसतं.) दस्त नोंदणीकृत आहे, जाड कागदावर आहे, वर चार शिक्के आहेत, याने काही फरक पडत नाही. गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड आणि पिन घेऊन "अजून कुठे बँकेला कळलंय" म्हणत पैसे काढणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. बहुतेकांची नियत वाईट नसते. पण उद्या एखाद्या वारसाने विचारलं तर उत्तर काय देणार?

आता दुसरा कागद. मावशीचं मृत्युपत्र उघडलं, त्यात व्यवस्थापक म्हणून, म्हणजे एक्झिक्युटर म्हणून, नाव होतं तिच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याचं; आम्ही त्यांना काका म्हणतो. माझं नाही. खोटं कशाला बोलू, लागलं मला. औषधं मी आणली, बिलं मी भरली, रात्री मी जागले आणि शेवटी चाव्या काकांच्या हातात!

खरं तर त्या चार वर्षांत काकांना तिच्या खात्यातला एक रुपयाही काढता आला नसता. मृत्युपत्र करणारा जिवंत आहे तोवर व्यवस्थापकाच्या हातात शून्य अधिकार असतात; त्याचं नाव कधीही खोडता येतं, अख्खं मृत्युपत्र बदलता येतं. मावशी गेली त्या क्षणी माझा अधिकार उरलेला नव्हता आणि त्यांचा सुरू झाला. दोन्ही अधिकार एका वेळी कधीच चालू नव्हते. आणि मुखत्यारपत्र कितीही व्यापक असलं तरी त्याच्या जोरावर मी तिच्या वतीने मृत्युपत्र करू शकले नसते.

पण मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच कलम २०१ मध्ये मृत्यूच्या शेजारी आणखी एक कारण आहे: देणाऱ्याची मानसिक क्षमता जाणं. मावशी शेवटचे आठ महिने मला ओळखत नव्हती. मी मात्र सह्या करत होते. म्हणजे बँकेच्या साहेबांनी जो कागद त्या दिवशी परत केला, तो कायद्याच्या नजरेत आठ महिन्यांपूर्वीच निकामी झाला होता. जेव्हा त्याची खरी गरज पडली, नेमका तेव्हा. इंग्लंडमध्ये यासाठी वेगळं मुखत्यारपत्र आहे, २००७ पासून; ते नोंदवून ठेवलं की देणाऱ्याची समज गेल्यावरही चालतं (मृत्यूबरोबर मात्र तेही संपतं). आपल्याकडे साध्या मुखत्यारपत्राला ती सोय नाही. कोमात गेलेल्या माणसाच्या नातेवाइकांना पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही घालून दिल्या. घरोघरी डिमेन्शियाचे रुग्ण असताना ही पोकळी तशीच राहावी, याचा मला राग येतो. माझ्यासारख्या किती जणी नकळत बिनअधिकाराच्या सह्या करत असतील!

असो. काकांकडे वळते. मला वाटायचं, व्यवस्थापक म्हणजे कपाट उघडून वस्तू वाटून टाकणारा. त्यांनी मला समोर बसवून भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधला क्रमच सांगितला. आधी अंत्यसंस्काराचा खर्च आणि मृत्यूआधीच्या महिन्याभराचा दवाखान्याचा व राहण्या-जेवणाचा खर्च. मग प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र) वगैरेसाठी कोर्टाचा खर्च. मग घरकाम करणाऱ्यांचा शेवटच्या तीन महिन्यांचा पगार. मग बाकीची कर्जं. आणि हे सगळं फिटल्यावर उरेल ते मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे वाटायचं. म्हणजे ज्या ताईंसाठी मी बँकेत भांडले, त्यांचा नंबर आमच्या सगळ्यांच्या आधी होता. फक्त, तो पगार देण्याचं काम आता माझं नव्हतं. वाटपाची घाई करणाऱ्या मामेभावालाही काकांनी शांतपणे सांगितलं की, मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत व्यवस्थापकावर वाटप करण्याचं बंधन नसतं.

हे सगळं बघताना मावशीची निवड मला पटायला लागली. मुखत्याराने देणाऱ्याच्या मनाप्रमाणे वागायचं असतं, आणि तिचं मन मी जाणत होते. व्यवस्थापकाला सगळ्या वारसांना नाही म्हणता यायला हवं, थकलेले पैसे मागायला येणाऱ्यांना सामोरं जाता यायला हवं, भावंडांच्या रुसव्याफुगव्यात अडकता कामा नये. मला ते जमलं नसतं. मामेभाऊ रडला असता तर मी विरघळले असते. एकाच माणसाला दोन्ही कामं देण्याला कायद्याची आडकाठी नाही, पण "तीच सगळं बघते, तिलाच टाका" म्हणून डोळे झाकून नाव लिहिणाऱ्यांनी जरा थांबावं, असं माझं मत.

शिवाय एक गोष्ट अशी झाली जी एकच माणूस असता तर झालीच नसती. पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. "चार वर्षांची हिशेबाची वही घेऊन ये." मुखत्याराने हिशेब द्यायचाच असतो, मावशीच उरली नाही, तेव्हा तिच्या जागी हिशेब मागणारे तेच. मी वही नेली. त्यांनी चष्मा लावून पानन् पान पाहिलं. शेवटच्या आठ महिन्यांतल्या दोन नोंदींना पावती नव्हती. एक ऑक्सिजनच्या सिलिंडरची, मध्यरात्री आणलेली. दुसरी मला आठवेना. खरंच आठवेना.

काकांनी पेन्सिलीने समोर लिहिलं, "पावती नाही, तोंडी सांगितले." मग पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "इथे सही कर. या वेळी स्वतःच्या नावाने."