पंख आहेत, पण दमाचं काय?

डी अँड डी ('डंजन्स अँड ड्रॅगन्स', फासे टाकून कॅरेक्टरांची गोष्ट रचायचा खेळ) खेळणाऱ्यांच्या ग्रुपांत एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅरेक्टरांचे वेग वेगळे असले की पाठलागात जास्त वेगाचा जिंकणारच, मग फासे टाकायचे कशाला? उडणारा तर अजिंक्यच. तेव्हा डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) एक तर उडणारे वंश बंद करावेत, नाहीतर पाठलागापुरता सगळ्यांचा वेग सारखा धरावा.

पहिलं म्हणणं मोकळ्या माळरानावर खरं आहे. 'कॉल ऑफ कथुलू' या दुसऱ्या खेळाच्या सातव्या आवृत्तीत तर तसा नियमच आहे: सुरुवातीच्या रोलनंतर पळणाऱ्याचा 'मूव्ह' (वेगाचा आकडा) पाठलाग करणाऱ्यापेक्षा जास्त निघाला, तर तो निसटला. पुढचं काही खेळायचंच नाही.

पण डी अँड डीचं गणित करून बघा. २०१४च्या नियमांसाठी २०१५मध्ये आलेला आराकोक्रा (पक्ष्यासारखा पंखवाला वंश) एका राउंडमध्ये, म्हणजे फेरीत, उडतो ५० फूट. पुढे पळतोय दुसऱ्या लेव्हलचा 'रोग' (rogue, चोरट्या चालीचं कॅरेक्टर), वेग ३०. रोगचं साधं धावणं ३०, डॅश (त्याच राउंडमध्ये पुन्हा तेवढंच धावणं) ३०, वर त्याच्या खास जादा चालीचा, म्हणजे कनिंग अ‍ॅक्शनचा डॅश ३०, म्हणजे ९०. आराकोक्रा डॅश करून १००. इतकी ओरड चालली आहे ती राउंडमागे १० फुटांसाठी!

शिवाय डॅश फुकट नसतो. २०१४च्या नियमांत पाठलागात ३ अधिक कॉन्स्टिट्यूशन (कॉन, म्हणजे काटकपणा) मॉडिफायर इतकेच डॅश बिनधास्त करता येतात. त्यानंतर प्रत्येक डॅशला डीसी १०चा रोल (वीस बाजूंच्या फाशावर मॉडिफायर धरून किमान १० हवेत), चुकला की एक्झॉस्शनची, म्हणजे थकव्याची, एक पातळी. कॉन १० (मॉडिफायर शून्य) असलेला आराकोक्रा तीन डॅशनंतर, पहिली पातळी चढेपर्यंत, दर वेळी ४५ टक्के धोका घेतो, आणि दोन पातळ्या चढल्या की वेग निम्मा. रोगचा दम दुप्पट लवकर संपतो, हे मान्य. पण त्याला पुढे राहायचंच नसतं, नजरेआड व्हायचं असतं. राउंडच्या शेवटी त्याचा स्टेल्थ (लपण्याचा रोल) आणि पाठलाग करणाऱ्याचं पॅसिव्ह परसेप्शन (नजरेच्या तीक्ष्णपणाचा ठरलेला आकडा), फैसला तिथे. मोकळ्या आभाळाखाली तो लपू शकणार नाही. छप्पर घातलेल्या बाजारात किंवा गटाराच्या बोगद्यात शिरला आणि पंख पसरायला जागा उरली नाही, की आराकोक्राला पायांवर यावं लागतं, आणि पायांचा वेग २५. माणसापेक्षा कमी.

खो-खो आठवा. पळणारा दोन बसलेल्यांमधून हवा तसा निसटतो, पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही की उलटं फिरता येत नाही. मोकळीक सगळी पळणाऱ्याकडे, तरी तो बाद होतोच. कारण पाठलाग करणारे नऊ असतात आणि खो देता येतो.

'अजिंक्य'बद्दल फार लिहीत नाही. उडणाऱ्याला प्रोन करा (आडवा पाडा) किंवा त्याचा वेग शून्यावर आणा, तो पडतो. ४० फुटांवरून पडला तर इजा ४डी६ (सहा बाजूंच्या चार फाशांची बेरीज), सरासरी १४. दुसऱ्या लेव्हलच्या, कॉन १०च्या विझर्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसायची ताकद, असतात १०.

उरला सारख्या वेगाचा तोडगा. मंकला (हाताने लढणाऱ्या भिक्षूला) दुसऱ्या लेव्हलला जे १० फूट जास्त मिळतात, ते त्याने चिलखत न घालण्याच्या बदल्यात मिळवलेले असतात. तेच काढून घ्यायचे? वेगाची कटकट खरंच नको असेल, तर पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतली पद्धत उचला. तिथे फूट मोजतच नाहीत. प्रत्येक अडथळ्याला ठरावीक चेस पॉइंट लागतात. यशाला एक, क्रिटिकल यशाला दोन. पंख भिंतीपाशी कामाला येतात, गर्दीत वाट काढताना वेगळं काही लागतं.

या मेसेजमागे एक खरी तक्रार आहे, ती लिहिणाऱ्याने नीट मांडली नाही एवढंच: एकटा उडतो आणि बाकीचे मोबाइल बघत बसतात. एकाने पुढे उडून जायची वेळ आमच्या टेबलावरही आलीय. आमचा आराकोक्रा चोराला गाठून धक्क्यावर उतरला. तिथे चोराचे तीन साथीदार वाट बघत होते, आणि आम्ही बाकीचे अजून दोन राउंड मागे होतो. त्या दोन राउंडांत कुणीही मोबाइलला हात लावला नाही.