पूल न दाखवता पूल-तपासणी कशी शिकवावी

परवा नाशकात पूल-तपासणीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण पार पडलं. एसी हॉल होता, स्टेजवर कुंड्या होत्या, दीपप्रज्वलनाची समई होती आणि ती एसीच्या झोतात विझली तीही रीतसर. विषयपत्रिकेत तपासणी होती, जोखीम मूल्यमापन होतं, गुणवत्ता नियंत्रण होतं. फक्त पूल नव्हता. हॉलभर अभियंते आले, बसले, जेवले, प्रमाणपत्र घेऊन गेले आणि एकाच्याही बुटाला चिखल लागला नाही. ज्या शहरात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन यायला रिक्षा लागत नाही, तिथे हे साधणं म्हणजे गंमत नाही.

सिंहस्थ तोंडावर आलाय. नवे पूल, जुन्यांना रंग, सगळ्यांचं ऑडिट. म्हणजे अशी प्रशिक्षणं आता पैशाला पासरी होणार. पुढचं भरवायची पाळी तुमच्यावर आली, तर पुढचं मार्गदर्शन जवळ असू द्या.

तारीख मार्चअखेरची धरा. कारण विचारू नका, तुम्हाला माहीत आहे.

उद्घाटन साडेनऊचं जाहीर करा आणि अकराला सुरू करा. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, आभार. मग ‘पाया आणि स्कावर’ (स्कावर म्हणजे पाण्याने पायाजवळची माती उचलून नेणं) या सत्राला जेवणाआधीची बारा मिनिटं उरतात. वक्त्याने ‘वेळेअभावी स्लाइड पुढे नेतो’ म्हणायचं. पूल पडण्याचं सगळ्यात मोठं कारण असं वेळेअभावी पुढे नेता आलं की अर्धं प्रशिक्षण यशस्वी झालं समजा.

स्लाइड परदेशी घ्या. जेनोवाचा मोरांडी पूल चांगला दिसतो, १४ ऑगस्ट २०१८, ४३ मृत्यू, फोटोही झकास. तारांवर तोललेला पूल समोरच्यांपैकी एकाच्याही उपविभागात नाही, हा त्याचा मोठा गुण. त्यांच्याकडे फरशी पूल आहेत, बुडीत पूल आहेत, ब्रिटिशांच्या दगडी कमानी आहेत आणि त्या कमानींच्या सांध्यांतून पिंपळ उगवलेत. पिंपळ वरून छाटला की मूळ आत जाडच होत राहतं आणि दगड सरकवतं. मूळ मारून सांधा मसाल्याने भरावा लागतो. हे सांगायला लागलात तर स्लाइड मराठीत करावी लागेल. महाडचा सावित्री नदीवरचा पूल तर दाखवूच नका. १९२८चा दगडी पूल, २ ऑगस्ट २०१६च्या रात्री एसटीच्या दोन बसगाड्यांसह गेला. मागच्या रांगेतला एखादा आगाऊ पोरगा विचारेल, ‘सर, त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती ना? मग तिच्यात नेमकं काय पाहिलं होतं?’ आणि चहाची वेळ झालेली नसेल.

यंत्रं मांडून ठेवा, निळ्या मखमलीवर. रिबाउंड हॅमर, म्हणजे ठोका मारून काँक्रीटचा टणकपणा मोजायचं यंत्र, चालवायचाच आग्रह झाला तर हॉलच्या खांबावर चालवा. प्लास्टरवर टेकवायचा, एकदा दाबायचा, आकडा मोठ्याने वाचायचा, टाळ्या घ्यायच्या. खरं तर प्लास्टर काढून, पृष्ठभाग कार्बोरंडमच्या दगडाने घासून, एका जागी बरेच ठोके घेऊन, भलते आकडे बाजूला काढून सरासरी धरायची असते. हॅमर आडवा धरला, वर धरला की खाली, त्याप्रमाणे आकडा बदलतो. जुन्या काँक्रीटची साल कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने, टणक झालेली असते, त्यामुळे आतला माल कच्चा असला तरी आकडा फुगतो. आणि इतकं सगळं नीट केलं तरी ताकदीचा अंदाज २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, हे आपल्या आयएस १३३११ या भारतीय मानकातच छापलेलं होतं. म्हणजे अहवालात ३० लिहिलंय तिथे साडेबावीसही असेल आणि साडेसदतीसही. हे कळलं तर माणूस एकट्या हॅमरच्या आकड्यावर पुलाला ‘सुस्थितीत’ म्हणणार नाही. असली माणसं तयार करून तुम्हाला काय करायचंय?

अल्ट्रासॉनिकची पेटी उघडू नका. यंत्राची टोकं काँक्रीटला नीट टेकायला ग्रीस लागतं, ते आत नसतं.

आता स्थळभेट. कार्यक्रमपत्रिकेत असते, त्यामुळे करावी लागते. बस पुलाच्या टोकाशी उभी करा, सगळ्यांना पिवळी हेल्मेटं द्या, कठड्याशी ग्रुप फोटो काढा, पाठीमागे नदी आली पाहिजे. वीस मिनिटांत परत. खाली मात्र कोणाला उतरू देऊ नका. उतरलं तर काय दिसतं त्याची यादी देऊन ठेवतो, म्हणजे काय टाळायचं ते कळेल.

पुलावर असतानाच डांबराकडे नजर जाऊ देऊ नका. दर दोन-चार वर्षांनी आधीचा थर न खरवडता वर नवा थर टाकलेला असतो. दहा सेंटिमीटर जादा डांबर म्हणजे चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या घरात वजन. साडेसात मीटर रुंद रस्ता आणि वीस मीटरचा गाळा धरला तर एका गाळ्यावर तेहतीस-चौतीस टन, कायमचे, ट्रक नसतानाही. डिझाइन करणाऱ्याने ते धरलेले नाहीत. त्याच डांबराने एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे पुलाला लांब-आखूड व्हायला ठेवलेली फट, बुजतो आणि पाणी जायच्या पायपांची तोंडं बंद होतात. मग पाणी जॉइंटमधून खाली उतरतं, पिअर कॅपवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, साचतं, तिथे माती, पारव्यांची विष्ठा आणि सेंटरिंगची न काढलेली फळकुटं असतात, त्या रेंद्यात बेअरिंग, म्हणजे पुलाची तुळई (गर्डर) जिच्यावर टेकते ती बैठक, वर्षानुवर्षं भिजत बसतं.

बेअरिंगपर्यंत कोणी पोचू नये म्हणून शिडी आणू नका. शिडी आली की माणूस बघतो, रबराचं पॅड एका अंगाला फुगलंय का, तडे गेलेत का, तिरकं झालंय का, एखादा कोपरा उचललाय का. लोखंडी रोलर असेल तर तो हलतो की गंजून बसलाय. निफाडला जानेवारीत पारा पाच-सहावर येतो, मे महिन्यात चाळिशीला टेकतो. पस्तीस अंशांचा फरक आणि पंचवीस मीटरचा गर्डर, म्हणजे तो वर्षात साधारण दहा मिलिमीटर लांब-आखूड होणारच. बेअरिंगने त्याला सरकू दिलं नाही तर ती ओढ पिअर कॅपवर येते आणि तिथे तिरकी भेग पडते. मग कोणीतरी ती भेग सिमेंट फासून बुजवतो आणि ‘दुरुस्ती पूर्ण’ लिहितो. भेग का पडली हे विचारायची पद्धत नाही.

हातोडीसुद्धा नको. आपल्याकडे बाई बाजारात मडकं घेते तेव्हा बोटाने वाजवून घेते. स्लॅबचा तळ तसाच वाजवायचा असतो. आवाज खणखणीत आला तर ठीक, बोदा आला तर कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, सुटलंय, आत सळई गंजून फुगली आहे. तेवढ्या भागाला खडूने गोल करायचा, टेपने मोजायचा, तारीख टाकून फोटो काढायचा, पुढच्या खेपेला तो गोल वाढलाय का ते बघायचं. लाखांची यंत्रं मखमलीवर आहेत आणि दीड-दोनशे रुपयांची हातोडी एकाच्याही हातात नाही, यालाच म्हणतात क्षमताबांधणी!

आणि पाया? पाया तर बघायचाच नाही. ‘नाशिकला पात्रात खडक आहे, स्कावर होत नाही’ असं ठोकून द्यायचं. शहरात खडक आहे, मान्य. पण त्या खडकावर टेकलेल्या फुटिंगची, म्हणजे खांबाच्या पायाची, कड पोखरली गेली आहे का, हे कोणी वाकून बघितलंय? आणि गोदेच्या खालच्या अंगाला, चांदोरी-सायखेड्याकडे? तिथे गाळ आहे. पुरात पाणवेलींचा ढीग येऊन पुलाला अडकतो, पाण्याची वाट अरुंद होते, वेग वाढतो आणि खांबाच्या पायथ्याशी भोवरा फिरून माती उचलली जाते. आता यातला लबाड भाग ऐका. खड्डा पूर जोरात असताना पडतो, आणि पूर ओसरताना त्यातच सैल गाळ येऊन बसतो. हिवाळ्यात जाऊन बघितलं तर तळ सपाट, गुळगुळीत, ‘स्कावर आढळला नाही’. सळई खुपसून बघितली तर हातभर सरळ आत जाते. त्या गाळात खांब धरून ठेवायची ताकद शून्य. पूर उतरल्यावर होडीतून दोराला वजन लावून खांबाच्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंना खोली मोजायची, मूळ आराखड्यातल्या तळाच्या पातळीशी ताडून बघायची, दरवर्षीचे आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहायचे. इतकंच आहे हो ते! आणि पुलाच्या वर-खाली वाळूउपसा चालला असेल तर पात्रच मीटर-मीटरने खाली जातं, पाया उघडा पडतो. जेसीबी वरून दिसतो, बसच्या खिडकीतूनही दिसतो. दिसून न दिसल्यासारखं करायचं प्रशिक्षण मात्र आपल्याकडे वेगळं घ्यावं लागत नाही.

चिडलो. माफी नाही. पुढे चला.

गुणवत्ता नियंत्रणाला एक तास पुरे. क्यूबचे, म्हणजे काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे फोडून काढलेले, निकाल कसे असावेत हे नमुन्यादाखल दाखवा, एम-३० (ताकद ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) काँक्रीटसाठी ३८.१, ३८.३, ३८.२, ३८.२. सुंदर! काँक्रीटचं मानक आयएस ४५६ स्वतः एम-३० ला प्रमाण विचलन, म्हणजे निकालांचा चढउतार, ५ धरायला सांगतं. म्हणजे खऱ्या साइटवर निकाल वरखाली होणारच. महिनोन् महिने दशांशात फरक पडत असेल तर तो काँक्रीटचा गुण नाही, पेनाचा आहे. प्रशिक्षणार्थीला एकदा मशिनपाशी उभं करून १५० मिलिमीटरचा क्यूब फोडून दाखवला, ६७५ किलोन्यूटनला ३० होतात हे त्याने स्वतः भागून काढलं, भार मिनिटाला ३१५ किलोन्यूटनच्या गतीनेच चढवायचा असतो हे काट्याकडे बघत शिकला, तर पुढे कोणी त्याच्यासमोर आयते रजिस्टर ठेवणार नाही. शिवाय तो विचारायला लागेल की क्यूब ट्रान्झिट मिक्सरमध्ये पाणी मारण्याआधी भरले की नंतर. हा प्रश्न कोणालाच नको असतो.

परीक्षा वस्तुनिष्ठ घ्या, उत्तरं आधी सांगा.

राहिली जोखीम. पाच गुणिले पाचचा रंगीत तक्ता काढायचा. शक्यता ४, परिणाम ५, गुणाकार २०, लाल. लाल आला की पूल बंद करावा लागतो, पूल बंद केला की वळसा पडतो, वळसा पडला की फोन येतो. म्हणून शक्यता ४ ची २ करायची. गुणाकार १०, पिवळा, ‘निगराणीखाली ठेवण्यात आले आहे’. पुलाला हातही न लावता अर्ध्या मिनिटात त्याची जोखीम निम्मी. कोण कधी निगराणी करणार, तो रकाना तक्त्यात नसतोच. फारच वाटलं तर दोन्ही टोकांना ‘पूल धोकादायक आहे’ असा फलक ठोकायचा. पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरच्या लोखंडी पुलाला फलक होता. १५ जून २०२५ला, रविवारी, त्याच पुलावर गर्दी होती आणि चार जण गेले. पुलावर चढणारा माणूस फलकाने थांबत नाही. दगड-काँक्रीटचा अडथळा घातला, भिंत घातली, तर थांबतो.

आणि ‘जुना होता हो, ब्रिटिशकालीन’ हे आता पुरे करा. गुजरातचा गंभीरा पूल १९८५चा होता, चाळीस वर्षांचा. ९ जुलै २०२५ला सकाळच्या रहदारीत गाड्यांसकट महीसागर नदीत गेला. मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ला पडला, त्याचं तर ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला योग्य ठरवला होता. कागद होता, शिक्का होता, सही होती.

ती सही कोणाची असते? तुमच्या त्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलेल्या पोराची असते. कनिष्ठ अभियंता, नोकरीला दोन वर्षं, हाताखाली पूल, मोऱ्या, रस्ते, वर पंचनामे आणि निवडणुकीची कामं. त्याला बेअरिंग कधी दाखवलं नाहीत, होडी दिली नाहीत, शिडी दिली नाहीत, पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा फॉर्म मात्र दिलात आणि ‘सोमवारपर्यंत सगळे पूल भरून पाठवा’ म्हणालात. तो सगळीकडे ‘समाधानकारक’ लिहिणार नाही तर काय करेल? पूल पडला की निलंबित तोच होतो, आणि शाल पांघरलेले तुम्ही चौकशी समितीत बसता. लाज वाटायला हवी.

हे जमणारं काम आहे. पंधरा जणांची बॅच करा, साठांची नाही. पहिला दिवस सकाळी सातला पुलाखाली सुरू करा, गमबूट घालून. प्रत्येकाला हातोडी, टॉर्च, टेप, खडू, भेगेची रुंदी मोजायचं क्रॅक गेज द्या. एकच पूल पंधरा जणांना वेगवेगळा तपासायला लावा आणि संध्याकाळी पंधरा फॉर्म शेजारी शेजारी ठेवा. एकाच भेगेला एकाने ०.२ आणि दुसऱ्याने ०.८ मिलिमीटर लिहिलेलं दिसेल, तिथून शिकवायला लागा. ‘पाहता आले नाही’ असं लिहायची मुभा द्या, आणि ते लिहिल्याबद्दल कोणाला झापू नका. दिसलं नाही तिथे ‘समाधानकारक’ लिहिलं तर झापा.

आणि साहेब, गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला, ज्याच्यावरून नाशिककर गोदेचा पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, की रात्री दोन वाजता खालच्या बाजूचा कोणता पूल कोण बंद करणार, त्याचं नाव आणि हुद्दा आधी लेखी द्या. त्याला वरून परवानगी मागत बसावं लागणार नाही असं द्या. बॅरिकेडं आहेत म्हणता ना तुमच्याकडे? ती या क्षणी कुठे पडली आहेत, हे आज संध्याकाळी स्वतः जाऊन बघून या.