तापीच्या मुखाजवळची ती ‘चमक’ विषाची नाही

‘तापीच्या मुखाशी उपग्रहाला लाल चमक दिसली, म्हणजे भुसावळकडून विष वाहून गेलं’ हा संदेश जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे, कृपया पुढे पाठवू नका.

समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती त्यांच्यातल्या हरितद्रव्यानं शोषलेल्या उन्हाचा अगदी थोडा भाग ६८५ नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश म्हणून परत टाकतात. २००२ साली सोडलेल्या अ‍ॅक्वा उपग्रहावरचं मोडिस उपकरण ६६७, ६७८ आणि ७४८ नॅनोमीटरचा प्रकाश मोजतं, त्यावरून ही चमक काढतात. विष त्यात मोजलंच जात नाही. शिवाय तापी जिथे समुद्राला मिळते त्या खंभातच्या आखातात भरती-ओहोटी गाळ सतत ढवळते, आणि गाळावरून परतलेला प्रकाश अशी चमक खोटीच दाखवू शकतो. पावसाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर धरणावर तापीचं गढूळ पाणी ज्यानं पाहिलंय, त्याला किती गाळ खाली जातो ते सांगायला नको. मुखाजवळच्या पाण्याचे नमुने तपासल्याशिवाय हरितद्रव्याचा आकडाही खात्रीनं देता येत नाही.