नीटच करत होतो की ओ!

बेळगावातल्या एखाद्या मंगल कार्यालयात रविवारी बुद्धिबळाची स्पर्धा असली, की तिसऱ्या फेरीपर्यंत कुठल्या तरी टेबलावरून आवाज उठतोच, ‘हात लावलास की तू!’ पाठोपाठ दुसरा आवाज, ‘कुठं लावलाय ओ, नीटच करत होतो की!’ पुढच्या स्पर्धेत हा दुसरा आवाज तुमचा असावा, एवढ्यासाठी हा प्रपंच. पहिला आवाज काढणारा बहुधा डाव घालवून बसतो, ही खूणगाठ बांधून ठेवा.

आधी नियम पाठ करा. पाळणाऱ्याला अर्धवट आला तरी चालतो, मोडणाऱ्याला पुरता यावा लागतो. जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या नियमावलीतलं चौथं कलम असं, की ज्याची पाळी त्यानं खेळण्याच्या इराद्यानं आपल्या सोंगटीला हात लावला तर तीच चालवायची, समोरच्याच्या सोंगटीला लावला तर तीच मारायची. दोन-चार सोंगट्यांना लागला, तर त्यातली नियमानं हलू शकणारी पहिली. कोपर किंवा बाही चुकून लागली तर माफ. राजाला बसणारा शह अडवून बसलेला घोडा उचललात आणि त्याला हलताच येत नसेल, तर तो ठेवून द्या आणि हवं ते खेळा, दंड नाही. घरात तिरकी बसलेली सोंगटी सरळ करायची मुभा आहे, पण आपली पाळी असताना आणि आधी सांगून.

सगळी गोम या ‘आधी’त आहे. सांगायचा शब्द फ्रेंच, ‘जादूब’, म्हणजे ‘नीट करतोय’. खानापूरपासून निपाणीपर्यंत तो ज्याच्या त्याच्या चवीनं उच्चारला जातो, त्यामुळे घशातल्या घशात पुटपुटलात तरी खपतो. तो नंतर म्हणायचा, ही आपली सुधारणा. तिचे आद्य पुरुष युगोस्लाव्हियाचे ग्रँडमास्टर मिलान मातुलोविच. 1967 साली ट्युनिशियातल्या सुस इथं, जगज्जेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत, त्यांनी हंगेरीच्या बिलेकविरुद्ध चाल केली, ती वाईट आहे हे दिसल्यावर मागं घेतली, आणि मग शांतपणे म्हणाले, ‘जादूब.’ बिलेकनं पंचाकडे दाद मागितली, तरी पचलं. डाव बरोबरीत सुटला आणि मातुलोविचना ‘जादूबोविच’ हे नाव जन्मभर चिकटलं. एवढी किंमत द्यायला हरकत नसावी.

तसं आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. रेघेवर बसलेली सोंगटी कुठल्या घरातली, या वादाचा त्याला 1956 पासून सराव आहे. 1 नोव्हेंबर 2014 रोजी गावाचं नावसुद्धा ‘बेळगावी’ असं ‘नीट’ करून झालं. ते आधी विचारून केलं की नंतर सांगून, हा विषय स्पर्धेच्या हॉलमध्ये काढू नये, फेरी उशिरा सुरू होते.

भाषेची सोय मात्र वापरा. पंच मराठीत विचारू लागला तर कन्नड धरा, तो ‘मुट्टिदरे आडबेकु’ (हात लावला तर खेळायलाच हवं) म्हणाला तर मराठीत भोळा चेहरा करा. दोन्ही भाषा येणारा पंच निघाला, आणि इथं तो निघतोच, तर मुकाट्यानं घोडा चालवा.

चाल पक्की कधी होते, याबद्दल गल्लीत एक गोड समज आहे, की घड्याळ दाबेपर्यंत काही बिघडत नाही. नियम म्हणतो, योग्य घरात ठेवलेल्या सोंगटीवरून बोटं सुटली की घर ठरलं, घड्याळाचा संबंध नाही. तुम्ही गल्लीतला समजच धरून चाला. हटकलं तर ‘आमच्याकडे असंच खेळतात’ म्हणा. समोरच्याच्या बाबतीत मात्र फिडेवर बोट ठेवा. कॅसलिंगला, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवतात त्याला, तर डोळ्यात तेल घालून बसा. लहान पोरं सवयीनं आधी हत्ती उचलतात आणि मग राजाकडे वळतात. हत्ती आधी उचलला की त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीला गेलं, हत्तीच खेळावा लागतो. दहा वर्षांच्या पोराला हे खेळापूर्वी समजावून सांगण्याचा मोह टाळा, त्याच्या तेराव्या चालीला सांगा.

प्याद्याचा वजीर होऊ लागला की खरी कला दिसते. कॅनडाच्या 2017 सालच्या राष्ट्रीय स्पर्धेतला निर्णायक डाव अभ्यासा, झटपट बुद्धिबळाचा होता. नोरित्सिनचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि वजीर काही सापडेना, कारण तो प्रतिस्पर्धी साम्बुएवच्या मुठीत होता. घाईत नोरित्सिननं वजीर म्हणून हत्ती उलटा करून ठेवला, जसा आपण घरी ठेवतो. पंच म्हणाले, उलटा असला तरी हत्ती तो हत्तीच. डाव गेला, विजेतेपदही गेलं. तेव्हा मारलेला वजीर टेबलावर ठेवू नका, मुठीत राहू द्या. आणि वजीर सापडत नसेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागता येतो, ही माहिती कुणाला देऊ नका.

कॅमेऱ्यापासून लांबचं टेबल मिळतंय का बघा. 2016 च्या मॉस्कोतल्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, अमेरिकेच्या नाकामुरानं 74 व्या चालीला राजाला हात लावला, लगेच सावरून ‘जादूब’ म्हणून पाहिलं, पण समोर आर्मेनियाचा अरोनियन होता. त्यानं तिथल्या तिथं हरकत घेतली, पंचांनी राजाच चालवायला लावला आणि डाव बुडाला. एवढ्या प्रकाशात असले प्रयोग करू नयेत.

बॉबी फिशरचा आदर्श तर मुळीच ठेवू नका. 1960 साली ब्वेनोस आयरिसला अन्झिकरविरुद्ध त्यानं राजाच्या बाजूच्या कडेच्या प्याद्याला हात लावला आणि लगेच कळलं, की ते हलवणं महागात पडणार. ‘जादूब’ म्हणून सुटता आलं असतं. हा बाबा ते प्यादं खेळला आणि 22 चालींत हरला. वय वर्षं 17, कुणी समजवायला नव्हतं जवळ.

त्याच वयाची हंगेरीची युडिट पोल्गार 1994 साली स्पेनमधल्या लिनारेसला खुद्द कास्पारोव्हसमोर बसली होती. त्यानं घोडा एका घरात ठेवला, बोटं सुटली, चूक दिसली, आणि घोडा दुसऱ्या घरात गेला. टीव्हीच्या चित्रफितीत नंतर मोजलं, बोटं पाव सेकंद सुटलेली होती. पोल्गारनं तक्रार केली नाही. एवढ्या मोठ्या स्पर्धेचं पहिलंच आमंत्रण, समोर जगज्जेता, त्यात वेळ कमी आणि तक्रार फेटाळली तर घड्याळातून दंड बसायची भीती, असं तिनं पुढं सांगितलं. डाव कास्पारोव्हनं जिंकला.

यातून घ्यायचं ते हे, की समोरचा वयानं लहान, मानानं कमी किंवा घड्याळात अडकलेला निवडा. पंचानं स्वतः पाहिलेलं नसेल आणि तुम्ही ठाम नाही म्हणालात, तर त्याच्या हाती फारसं उरत नाही. शेजारच्या टेबलावरच्यांनी बघितलं असलं तरी त्यांना मध्ये बोलायची मनाई आहे.

आणि सगळ्यात उपयोगी कलम शेवटी सांगायचं ठेवलंय. तक्रारीची मुदत फार छोटी असते. समोरच्यानं खेळण्यासाठी आपल्या सोंगटीला एकदा हात लावला, की तुमच्या हाताबद्दल बोलायचा त्याचा हक्क संपला. म्हणून घोडा परत ठेवल्याबरोबर त्याच्याकडे बघू नका, पाण्याची बाटली उघडा. तो पटाकडे, मग तुमच्याकडे, मग लांब उभ्या पंचाकडे बघू लागेल. त्याचा हात वर जायच्या आत, काळजीच्या सुरात म्हणा, ‘खेळा की ओ, तुमचंच घड्याळ चाललंय.’